अमेरिका तटस्थ होती, मग पहिल्या महायुद्धात ओढली कशी गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की युरोपपेक्षा अमेरिकेबद्दलच जास्त विचारणा होते. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, सोपे आधी, किचकट नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. १९१४ ला अमेरिका तटस्थ का राहिली? घाबरली होती का?

घाबरायचं काही कारणच नव्हतं, मधे अख्खा अटलांटिक होता. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या भानगडीत पडायचं नाही ही त्यांची पहिल्या अध्यक्षांपासूनची सवय, त्यामुळे ४ ऑगस्ट १९१४ ला अध्यक्ष वुड्रो विल्सननी तटस्थता जाहीर केली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. पण खरी अडचण घरातच होती. त्या वेळी अमेरिकेत साधारण दर तीन माणसांत एक जण असा होता जो स्वतः परदेशात जन्मला होता किंवा ज्याची आई नाहीतर वडील परदेशात जन्मले होते. लाखो जर्मन घरं, ब्रिटनचं नाव काढलं तरी संतापणारे आयरिश, रशियातून जीव वाचवून आलेले ज्यू ज्यांना झार जिंकावा असं स्वप्नातही वाटत नव्हतं, आणि सत्तेत, कॉलेजांत, पेपरांत बसलेला वर्ग बहुतेक ब्रिटिश वळणाचा. कुठल्याही बाजूनं उतरलं असतं तरी पहिली मारामारी मिलवॉकी आणि शिकागोच्या रस्त्यांवर झाली असती. विल्सननी तर लोकांना सांगितलं की नुसतं वागण्यात नाही, विचारातही निःपक्षपाती राहा. विचारात कोण राहतंय, पण वागण्यात तरी पावणेतीन वर्षं निभावलं.

२. शस्त्रं विकली तरी देश तटस्थ राहतो? हे कसं काय?

राहतो, आणि यात पळवाट वगैरे काही नाही, तेव्हाचा नियमच तसा होता. १९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ *सरकारनं* कुठल्याही लढणाऱ्या बाजूला युद्धनौका, दारूगोळा द्यायचा नाही. पण त्या देशातल्या खासगी कंपन्या विकत असतील तर ते थांबवण्याचं बंधन सरकारवर नाही. सरकारला सगळ्यांसाठी सारखी बंदी घालता येते, पण घातलीच पाहिजे असं नाही. लढणाऱ्या देशाची युद्धनौका तटस्थ बंदरात आली तर साधारण २४ तासांत निघायचं, तिथून हल्ला करायचा नाही, असेही नियम होते. थोडक्यात काय, बेथलेहेम स्टील या अमेरिकन कंपनीनं ब्रिटनला तोफगोळे विकले तर कायद्यानं अमेरिका तटस्थच. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर छोटी युद्धं होती, एका बाजूची अख्खी लढाई तटस्थ देशाच्या कारखान्यांवर चालेल असं १९०७ ला कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

३. मग जर्मनीलाही विकायचं ना, फक्त ब्रिटन-फ्रान्सलाच माल का गेला?

दुकान सगळ्यांना उघडं होतं, पण दुकानाकडे यायचा रस्ता एकाच गिऱ्हाईकाच्या ताब्यात होता. ब्रिटिश नौदलानं युद्ध सुरू झाल्यापासून जर्मनीचा समुद्र आवळायला घेतला, नोव्हेंबर १९१४ ला अख्खा नॉर्थ सी लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केला, सुरुंग पेरले, आणि मार्च १९१५ पासून जर्मनीकडे जाणारा किंवा तिकडून येणारा कुठलाही माल अडवणार असं सरळ सांगून टाकलं. जर्मन व्यापारी जहाजं तर जगभरच्या तटस्थ बंदरांत अडकून पडली होती.

परिणाम आकड्यात बघा. मित्रराष्ट्रांशी, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूशी, अमेरिकेचा व्यापार १९१४ ला ८० कोटी डॉलरच्या थोडा वर होता, १९१६ पर्यंत तो ३०० कोटींच्या पुढे गेला. जर्मनीशी असलेला व्यापार त्याच काळात जवळपास शून्यावर आला. हे कोणी कट करून ठरवलं नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. १९१४ ला अमेरिकेत मंदी होती, ऑर्डरी आल्या, कारखाने धडधडायला लागले, गव्हाला-कापसाला भाव आला, आणि दोन वर्षांत अशी परिस्थिती झाली की कागदावर देश तटस्थ, पण त्याचं पोट एका बाजूच्या जहाजांवर अवलंबून. मग ती जहाजं बुडवणारा आपोआप तुमचा शत्रू होतो, तुम्ही ठरवा किंवा नका ठरवू.

४. ब्रिटनची नाकेबंदीपण बेकायदेशीर होती म्हणतात. मग अमेरिकेनं ब्रिटनला का सोडलं?

सोडलं नाही, निषेधाची पत्रं ढिगानं पाठवली. ब्रिटननं तटस्थ जहाजं अडवली, डाकेच्या पिशव्या फोडल्या, अन्नधान्यसुद्धा निषिद्ध मालाच्या यादीत टाकलं, आणि जुलै १९१६ मध्ये जर्मनीशी संबंध ठेवणाऱ्या ८० हून जास्त अमेरिकन कंपन्या आणि व्यक्तींची काळी यादीच काढली. त्या यादीनं विल्सन इतके भडकले की ब्रिटनचं कर्ज आणि माल रोखायचा विचार त्यांनी खासगीत बोलून दाखवला.

फरक एवढाच की ब्रिटन माल जप्त करायचा आणि बऱ्याचदा पैसे देऊन मोकळा व्हायचा, जर्मन पाणबुडी माणसं मारायची. बुडालेल्या मालाची भरपाई युद्धानंतर कोर्टात मागता येते, बुडालेल्या माणसाची काय मागणार. विल्सननी हा फरक शेवटपर्यंत धरून ठेवला. जर्मन लोक म्हणायचे की आमची पोरं नाकेबंदीमुळे उपाशी मरतायत ती माणसं नाहीत का, आणि या प्रश्नाला अमेरिकेकडे धड उत्तर नव्हतं हेही मान्य केलं पाहिजे.

५. जहाज बुडवलं ते बुडवलंच, तोफेनं काय आणि पाणबुडीनं काय. पाणबुडीचा एवढा इश्यू का?

जुन्या नियमानं व्यापारी जहाज आधी थांबवायचं, कागद तपासायचे, बुडवायचंच असेल तर आतल्या माणसांना सुरक्षित जागी पोचवायचं. मोठ्या क्रूझरला हे जमतं. पाणबुडी एवढीशी, आत जेमतेम तीस-पस्तीस माणसं, पत्रा पातळ, वर येऊन उभी राहिली तर व्यापारी जहाजावरची एक साधी तोफसुद्धा तिला संपवू शकते. आणि ब्रिटननं नेमकं तेच केलं, व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या, काही जहाजं तर साधी मालवाहू दिसायची आणि आत तोफा लपवलेल्या असायच्या, शिवाय तटस्थ देशाचा झेंडा लावून फिरायची युक्ती होतीच. फेब्रुवारी १९१५ मध्ये खुद्द लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज अमेरिकन झेंडा लावून लिव्हरपूलला आलं होतं.

म्हणजे नियम पाळला तर पाणबुडी मरते, न पाळला तर प्रवासी मरतात. जर्मनीनं ४ फेब्रुवारी १९१५ ला ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र जाहीर केला आणि सांगितलं की तटस्थ जहाजंही चुकून बुडू शकतात. अमेरिकेचं उत्तर आठवड्याभरात गेलं, आमची माणसं मेली तर पूर्ण जबाबदार तुम्ही. या एका पत्रानं विल्सननी स्वतःलाच बांधून घेतलं. पुढचं सगळं या दोन कागदांतून निघालं.

६. लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली असं शाळेत शिकलोय. चूक आहे का?

अर्धवट आहे. लुसिटानिया ७ मे १९१५ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ यू-२० पाणबुडीच्या एका टॉर्पेडोनं १८ मिनिटांत बुडाली, जवळपास १,२०० माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. अमेरिकेनं युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला, म्हणजे तब्बल २३ महिन्यांनी. एवढा वेळ घेऊन कोणी बदला घेत नाही.

बुडाल्यानंतर तीनच दिवसांनी विल्सननी फिलाडेल्फियाला भाषण केलं त्यात एखादं राष्ट्र लढण्यापलीकडे स्वाभिमानी असू शकतं अशा अर्थाचं वाक्य होतं आणि त्याची विरोधकांनी भरपूर टर उडवली. देश चिडला होता हे खरं, पण युद्ध हवं असं म्हणणारे थोडे होते. मात्र घटनेनं दोन गोष्टी झाल्या. एक, जर्मनीबद्दलची सामान्य माणसाची सहानुभूती संपली ती कायमची. दोन, परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं सोपं होतं, आपल्या लोकांनाच युद्धक्षेत्रातल्या लढणाऱ्यांच्या जहाजांवर चढू देऊ नका. विल्सनना तो नागरिकांच्या हक्काचा आणि देशाच्या इज्जतीचा प्रश्न वाटला. ब्रायन गेले आणि त्यांच्या जागी आलेले रॉबर्ट लॅन्सिंग मनातून पूर्ण ब्रिटनच्या बाजूचे. माझ्या मते लुसिटानियाचा सर्वात मोठा परिणाम हा खुर्चीबदल.

७. लुसिटानियात दारूगोळा होता म्हणे. मग जर्मनीचं बरोबरच नाही का?

होता. ४० लाखांच्या वर रायफलची काडतुसं होती, आणि ती जहाजाच्या मालयादीत लिहिलेलीही होती. न्यूयॉर्कच्या पेपरांत जर्मन दूतावासाची जाहिरात पण आली होती की ब्रिटिश जहाजातून जाणाऱ्यांनी स्वतःच्या जोखमीवर जावं. पण मालासाठी जहाज *अडवायचा* हक्क आणि न सांगता बुडवायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी (५ बघा). ब्रिटननं मुद्दाम बुडू दिली ही थिअरीही दरवर्षी कोणीतरी पाठवतं. त्याला पुरावा नाही. ढिसाळपणा भरपूर होता, पण ढिसाळपणा म्हणजे कट नाही.

८. मधल्या दोन वर्षांत नुसती पत्रापत्रीच चालली होती का?

हो, आणि ती बऱ्यापैकी चालली. ऑगस्ट १९१५ मध्ये अरेबिक जहाज बुडालं, अमेरिकेनं दम दिला, जर्मनीनं प्रवासी जहाजं न सांगता बुडवणार नाही असं कबूल केलं. ३० डिसेंबर १९१५ ला लंडनहून मुंबईला येणारं पर्शिया नावाचं जहाज क्रीट बेटाजवळ न सांगता बुडवलं गेलं, तीनशेहून जास्त लोक गेले, त्यात एडनला नेमणुकीवर निघालेला अमेरिकेचा कॉन्सलही होता. आपल्याकडे हे जहाज लोकांना कपूरथळ्याच्या महाराजांच्या दागिन्यांमुळे माहीत असतं, तो अमेरिकन अधिकारी कोणाला आठवत नाही. मग २४ मार्च १९१६ ला ससेक्स ही फ्रेंच फेरीबोट टॉर्पेडो लागून फुटली, अमेरिकन जखमी झाले, आणि या वेळी विल्सननी सरळ सांगितलं की थांबवलं नाहीत तर संबंध तोडतो. ४ मे ला जर्मनीनं वचन दिलं. पण त्याला शेपूट होतं, अमेरिकेनं ब्रिटनलाही नाकेबंदी सैल करायला लावावी. विल्सननी वचन घेतलं आणि शेपटाकडे दुर्लक्ष केलं.

पुढचे आठ-नऊ महिने शांत गेले. पण आता निर्णय कोणाच्या हातात राहिला ते बघा, बर्लिननं वचन मोडलं की वॉशिंग्टनला संबंध तोडण्यावाचून पर्याय नाही. तटस्थ देशाचं युद्धात जायचं बटण दुसऱ्याच देशाच्या टेबलावर.

९. बँकांनी आपलं कर्ज बुडू नये म्हणून देशाला युद्धात ढकललं, हे खरं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. पैसा होता, मोठा होता, यात वाद नाही. ऑगस्ट १९१४ ला ब्रायननी लढणाऱ्या देशांना कर्ज द्यायला मनाई केली होती, ती हळूहळू सैल झाली, ऑक्टोबर १९१५ मध्ये जे. पी. मॉर्गन या बँकेच्या पुढाकारानं ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. मॉर्गन कंपनी ब्रिटनची अमेरिकेतली खरेदी एजंटपण होती, म्हणजे कर्जही तेच देणार, मालही तेच घेणार, कमिशनही त्यांचंच. एप्रिल १९१७ पर्यंत मित्रराष्ट्रांनी साधारण २३० कोटी डॉलर उचलले, जर्मनीला मिळाले ते ३ कोटींच्याही आत.

पण थिअरीला अडचण अशी की नोव्हेंबर १९१६ ला, म्हणजे युद्धात उतरायच्या पाचच महिने आधी, फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, अमेरिकन बँकांना जाहीर इशारा दिला की परदेशी सरकारांच्या विनातारण हुंड्या घेऊ नका, आणि त्या इशाऱ्याची भाषा कडक करायला सांगणारे खुद्द विल्सन होते. ब्रिटनच्या तोंडचं पाणी पळालं, डॉलर संपत आले होते. बँकांचं बोट धरून चालणारा अध्यक्ष असं करत नाही. पैशानं युद्ध *ठरवलं* नाही, पैशानं जर्मनीला पटवलं की अमेरिका तशीही शत्रूच आहे (१२ बघा). हा फरक बारीक आहे पण महत्त्वाचा आहे.

१०. ब्रिटिश प्रचारामुळे अमेरिकन लोक फसले का?

थोडे. युद्ध सुरू झाल्या झाल्या ब्रिटननं जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा कापल्या, त्यामुळे युरोपची बातमी बहुतेक लंडनमार्गेच यायची. बेल्जियममधल्या अत्याचारांच्या काही गोष्टी फुगवलेल्या होत्या, पण सगळ्या खोट्या नव्हत्या, हजारो बेल्जियन नागरिक खरंच मारले गेले.

आणि जर्मनीला बदनाम करायला ब्रिटनची फारशी गरजही नव्हती. जुलै १९१५ ला जर्मन अधिकारी हाइनरिक आल्बर्ट न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेत आपली बॅग विसरले, मागावर असलेल्या अमेरिकन गुप्तहेरानं ती उचलली, आणि आत प्रचाराचा आणि कारखान्यांत घोळ घालायचा सगळा हिशोब निघाला, तो पेपरात छापून आला. वर्षअखेर दोन जर्मन लष्करी अधिकाऱ्यांना हाकललं, त्यातले एक फ्रान्झ फॉन पापेन, पुढे हिटलरला सत्तेवर आणण्यात हात असलेले तेच. ३० जुलै १९१६ च्या रात्री न्यूयॉर्क बंदरातला ब्लॅक टॉम हा दारूगोळ्याचा डेपो घातपातात उडाला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला इजा झाली, मशालीपर्यंतचा जिना तेव्हापासून पर्यटकांना बंद आहे तो आजतागायत.

११. ‘युद्धाबाहेर ठेवलं’ म्हणून मतं मागितली आणि पाच महिन्यांत युद्ध! विल्सन खोटं बोलले का?

घोषणा पक्षाची होती आणि ती भूतकाळाची होती, पुढेही ठेवीन असं विल्सन स्वतः जपून टाळायचे. नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक ते २७७ विरुद्ध २५४ अशी जिंकले, कॅलिफोर्नियात चार हजारांपेक्षाही कमी मतांनी, तिथे हरले असते तर अध्यक्षपद गेलं असतं. निवडून आल्यावर त्यांनी लगेच युद्धाची तयारी केली असती तर खोटं म्हणता आलं असतं. केलं उलट, डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंना अटी विचारणारं पत्र पाठवलं आणि २२ जानेवारी १९१७ ला सिनेटमध्ये ‘विजयाशिवाय शांतता’ हवी असं भाषण केलं. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की बर्लिनमध्ये निर्णय दोन आठवड्यांपूर्वीच झालाय.

१२. अमेरिका उतरेल हे जर्मनीला कळत नव्हतं का? एवढा मूर्खपणा का केला?

कळत होतं. म्हणूनच हा प्रश्न लुसिटानियापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि परीक्षेत मात्र कधी येत नाही.

९ जानेवारी १९१७ ला प्लेस इथल्या लष्करी मुख्यालयात कैसर (जर्मन सम्राट), सेनापती आणि चॅन्सेलर बसले. परिस्थिती अशी की व्हर्दून आणि सोमच्या लढायांत लाखो माणसं गेलेली, घरी बटाट्याचं पीक गेल्यानं लोक सलगम खाऊन हिवाळा काढतायत, आणि वाट बघितली तर नाकेबंदी गळा आवळणार हे नक्की. नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी आकडेमोड मांडली. महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली, तटस्थ जहाजं भीतीनं यायची बंद झाली, तर ब्रिटन पाच महिन्यांत, पुढचं पीक हाती यायच्या आत, शरण येईल. अमेरिका युद्धात येईल? येऊ दे. तिचं खडं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास, ते जमवून, शिकवून, समुद्र ओलांडून आणेपर्यंत खेळ संपलेला असेल. आणि मालानं, पैशानं ती तशीही शत्रूलाच मदत करतेय, मग अधिकृत युद्धानं आणखी काय बिघडणार? चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांचा विरोध होता, पण शेवटी त्यांनी मान टाकली.

गंमत बघा, आकडेमोडीचा पहिला भाग खरा ठरला. एप्रिल १९१७ ला ८ लाख टनांच्या वर जहाजं बुडाली. पण ब्रिटननं रेशनिंग केलं, शेती वाढवली, आणि मुख्य म्हणजे जहाजांचे ताफे करून सोबत विनाशिका द्यायला सुरुवात केली. आणि जर्मनांना हेही ठाऊक नव्हतं की ब्रिटनचे डॉलर संपत आलेत (९ बघा), चार-सहा महिने गप्प बसले असते तरी ब्रिटनची अमेरिकेतली खरेदी बरीच आटली असती. इतिहासात जर-तर नको म्हणतात, पण इथे मोह आवरत नाही.

१३. झिमरमन टेलिग्राम ब्रिटिशांनी बनवलेला होता ना?

नाही, खराखुरा होता. जर्मन परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांनी १६ जानेवारी १९१७ ला मेक्सिकोतल्या आपल्या राजदूतासाठी संदेश पाठवला, की अमेरिका युद्धात आलीच तर मेक्सिकोनं आपल्या बाजूनं यावं, पैसे देऊ, आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, अॅरिझोना परत मिळवायला मदत करू, शिवाय जपानलाही फोडायचं बघा. मजा म्हणजे हा संदेश गेला अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून, जी विल्सननी शांततेच्या बोलण्यांसाठी जर्मनीला वापरू दिली होती. ती तार ब्रिटनमधून जायची आणि ब्रिटिश नौदलाची गुप्त संदेश फोडणारी शाखा ‘रूम ४०’ ती ऐकत होती, म्हणजे मित्र म्हणवणाऱ्या तटस्थ देशाची तार चोरून वाचत होती. हे अमेरिकेला सांगायचं कसं? म्हणून त्यांनी मेक्सिकोतल्या तारऑफिसातून पुढच्या टप्प्याची प्रत मिळवली आणि ती २४ फेब्रुवारीला अमेरिकन राजदूताला दाखवली.

१ मार्चला पेपरांत छापून आलं. अर्ध्या देशाला वाटलं ब्रिटिशांची बनवाबनवी आहे. आणि मग ३ मार्चला झिमरमननी पत्रकारांसमोर कबूल केलं की हो, खरं आहे! नाही म्हणाले असते तर आजही आपण वाद घालत बसलो असतो. पाणबुडीचा प्रश्न पूर्व किनाऱ्याच्या लोकांचा होता, टेक्सासच्या शेतकऱ्याला त्याचं काय. या तारेनं युद्ध त्याच्या कुंपणापाशी आणलं. मेक्सिकोनं अर्थातच नकार दिला.

१४. १ फेब्रुवारीला पाणबुड्या सुटल्या, युद्ध ६ एप्रिलला. दोन महिने काय करत होते?

विल्सन वाट बघत होते. ३ फेब्रुवारीला संबंध तोडले पण म्हणाले, प्रत्यक्ष कृती होईपर्यंत मी मानणार नाही. अमेरिकन जहाजं घाबरून बंदरातच उभी राहिली, धक्क्यांवर माल साचला. मग जहाजांवर तोफा बसवायचं बिल आणलं, ते सिनेटमध्ये काही जणांनी बोलत राहून पाडलं, विल्सननी अध्यक्षीय अधिकारात तोफा बसवल्याच. १६ ते १८ मार्च या तीन दिवसांत व्हिजिलान्सिया, सिटी ऑफ मेम्फिस आणि इलिनॉय ही तीन अमेरिकन जहाजं बुडाली. त्याच आठवड्यात रशियात झार पायउतार झाला, त्यामुळे लोकशाहीसाठी लढतोय म्हणताना शेजारी झार उभा आहे ही लाज पण गेली. २० मार्चला सगळं मंत्रिमंडळ युद्धाच्या बाजूनं, २ एप्रिलला विल्सनचं काँग्रेससमोर भाषण.

१५. विरोध कोणी केला की सगळे एका सुरात?

सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५०. विस्कॉन्सिनचे सिनेटर ला फॉलेट आणि काँग्रेसमधली पहिली महिला सदस्य जेनेट रँकिन विरोधकांत होते. त्यानंतर मात्र वातावरण घाणेरडं झालं, जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आला आणि त्याखाली समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. शाळांतून जर्मन भाषा काढली. जे भांडण घरात नको म्हणून तटस्थ राहिले (१ बघा) ते शेवटी घरात आलंच.

१६. हॉलंड, स्वित्झर्लंड, स्वीडन शेवटपर्यंत तटस्थ राहिले. मग अमेरिकेला का नाही जमलं?

त्यांनी किंमत मोजली आणि गिळली. नॉर्वेचा जवळपास अर्धा व्यापारी ताफा बुडाला, साधारण २,००० खलाशी मेले, तरी नॉर्वे तटस्थ. हॉलंडची जहाजं १९१८ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं आपल्या बंदरांत चक्क ताब्यात घेतली, हॉलंड गप्प. हो, तीच अमेरिका जी वर्षभरापूर्वी तटस्थांच्या हक्कांवर भाषणं देत होती. छोट्या देशाला अपमान परवडतो कारण लढणं परवडत नाही. अमेरिकेला लढणं परवडत होतं, आणि विल्सनना शांतता परिषदेत टेबलावर खुर्ची हवी होती, तीही लढल्याशिवाय मिळणार नव्हती. बेल्जियमचं तर विचारूच नका, १८३९ च्या करारानं तटस्थ होता, १९१४ ला जर्मन सैन्य सरळ आत घुसलं.

१७. पोर्तुगाल तटस्थ होता, मग गोव्याचा संबंध कुठे आला?

आला, आणि बऱ्याच गोवेकरांनाही माहीत नसतं. १९१४ ला जर्मन व्यापारी जहाजांनी पोर्तुगीज बंदरांत आसरा घेतला, लिस्बनमध्ये, आफ्रिकेत आणि आपल्या मुरगावलाही. ब्रिटनला जहाजं कमी पडत होती, पोर्तुगालशी त्यांची चौदाव्या शतकापासूनची मैत्री, फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालनं ती जहाजं जप्त केली, गोव्यातलीही. ९ मार्चला जर्मनीनं युद्ध पुकारलं. आफ्रिकेत अंगोलाच्या सीमेवर दोघांची चकमक १९१४ लाच होऊन गेली होती, पण कागदावर शांतता होती.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थच राहिला आणि मुरगावात परत जर्मन जहाजं अडकली. मार्च १९४३ ला कोलकात्याच्या हौशी घोडदळातल्या पोट सुटलेल्या ब्रिटिश साहेबांनी रात्रीत येऊन एहरेनफेल्स जहाजावर हल्ला केला. तटस्थ बंदरात उघड हल्ला, तरी पोर्तुगाल युद्धात उतरला नाही. म्हणजे ओढलं जायचं की नाही यात थोडी मर्जी पण असते.

१८. गदरवाल्यांवर अमेरिकेनं खटला भरला तो तटस्थतेवरूनच ना? मॉर्गनला सूट आणि आपल्या लोकांना तुरुंग?

हो, आरोप तोच. गदर म्हणजे ब्रिटिश राज उलथवायला अमेरिकेतल्या भारतीयांनी काढलेली क्रांतिकारी संघटना. शस्त्रं विकायला बंदी नव्हती (२ बघा), पण अमेरिकेच्या भूमीवरून मित्रदेशाविरुद्ध लष्करी मोहीम उभी करणं गुन्हा होता. जर्मन पैशातून घेतलेल्या बंदुका अॅनी लार्सन या जहाजातून निघाल्या, ठरलेल्या दुसऱ्या जहाजाशी गाठच पडली नाही, आणि १९१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात माल पकडला गेला. गंमत म्हणजे खटला उभा राहिला नोव्हेंबर १९१७ ला, अमेरिका स्वतः ब्रिटनच्या बाजूनं लढत असताना, आणि तोही तटस्थता मोडल्याबद्दल! सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात शेवटच्या दिवशी, एप्रिल १९१८ मध्ये, गदरचे नेते रामचंद्र यांना भर कोर्टात गोळी घातली गेली.

यात आपली माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या सुरुवातीच्या लोकांतले, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव काढलं. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले होते, परत येऊन मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले.

१९. भारत तटस्थ राहू शकला असता का?

विचारलंच नाही कोणी. ब्रिटननं युद्ध पुकारलं की भारतही युद्धात, विषय संपला. ब्रिटिश हिंदी सैन्याची पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुतच्या वेढ्यात शरण आली.

२०. डॉ. आंबेडकर तेव्हा अमेरिकेत होते ना? त्यांना याची झळ बसली का?

१९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे बरोबर तटस्थतेच्या काळात, मग लंडनला गेले. १९१७ ला भारतात परतताना त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती, ते जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. १२ नंबरच्या उत्तरातल्या निर्णयाचा हा असाही एक हिशोब.

२१. अमेरिका ‘मित्रराष्ट्र’ नव्हती असं वाचलं, हे काय आता?

बरोबर वाचलंत. विल्सननी अमेरिकेला ‘सहयोगी’ म्हणवून घेतलं, कारण ब्रिटन-फ्रान्सच्या वाटपाच्या गुप्त करारांत त्यांना अडकायचं नव्हतं. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं ते डिसेंबर १९१७ ला, आणि तुर्कस्तान व बल्गेरियाविरुद्ध कधीच नाही. एमसीक्यूत हे विचारतात, लक्षात ठेवा.

२२. १९३० च्या दशकात एवढे तटस्थता कायदे केले, तरी १९४१ ला परत कसे अडकले?

पहिल्या वेळी जे-जे झालं ते-ते बंद करायचं असं ठरवून ते कायदे लिहिले. सिनेटर नाय यांच्या समितीनं शस्त्रकंपन्या आणि बँकांची चौकशी केली आणि १९३५ पासून एकामागून एक बंदी आली, शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही, लढणाऱ्यांच्या जहाजातून प्रवास करायचा नाही. म्हणजे ब्रायन बरोबर होते हे वीस वर्षांनी कायद्यात लिहिलं.

पण १९३९ ला युद्ध लागल्यावर रोख पैसे द्या आणि आपल्या जहाजातून न्या अशी सूट आली, ज्याचा फायदा परत समुद्र ज्याच्या ताब्यात त्यालाच, म्हणजे ब्रिटनला (३ बघा). मार्च १९४१ ला लेंड-लीज आलं, आता तर सरकारच माल देणार, हेगचा नियम गेला बाजूला. माल पोचायला हवा म्हणून अमेरिकन नौदल ताफ्यांना सोबत करायला लागलं, ऑक्टोबरअखेर रूबेन जेम्स ही विनाशिका जर्मन पाणबुडीनं बुडवली, शंभरएक खलाशी गेले, नोव्हेंबरमध्ये काँग्रेसनं व्यापारी जहाजांवरची उरलीसुरली बंधनं पण काढली. म्हणजे पर्ल हार्बरच्या आधी अटलांटिकमध्ये अमेरिका जवळपास लढतच होती, फक्त पुकारलं नव्हतं. ते काम ११ डिसेंबर १९४१ ला हिटलरनंच केलं.